जर्मनीला पहिला माल पाठवण्याआधी

शिरोलीतली फाउंड्री असो, भोसरीतलं मशीन शॉप असो की सातपूरचं प्रेस शॉप, "जर्मनीला एक्स्पोर्ट करायचंय, कुणी ओळखीचं आहे का?" हा प्रश्न मला वरचेवर येतो. आयईसी कोड (आयात-निर्यातीसाठी लागणारा क्रमांक) काढून ठेवलेला असतो, आयएसओचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगलेलं असतं, मशीनही चांगल्या असतात. गाडी अडते ती पहिल्या मेलपासून. दहा मेल गेले की एकाचं उत्तर येतं, त्या उत्तरात वीस-पंचवीस प्रश्न असतात, आणि मालक वैतागून म्हणतात, "हे लोक फार किचकट आहेत बुवा."

किचकट आहेत, खरं आहे. पण लहरी नाहीत. एकदा रीत कळली की जर्मन गिऱ्हाईक सांभाळणं इतर बऱ्याच जणांपेक्षा सोपं जातं, कारण सकाळी एक आणि संध्याकाळी एक असं होत नाही. तिथे विश्वास नोंदीवर बसतो. कागदावर काय लिहिलं, तारीख कोणती दिली, आणि ती तारीख चुकणार असेल तर किती आधी कळवलं, एवढ्यावरून तुमची किंमत ठरते. खाली पायऱ्या दिल्या आहेत त्या कामाच्या क्रमाने. सुटे भाग बनवणारा छोटा-मध्यम कारखानदार डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. सॉफ्टवेअरवाल्यांनी ड्रॉइंगचा भाग सोडून बाकीचं वाचलं तरी चालेल.

पायरी १: गिऱ्हाईक कोण आहे ते घरबसल्या तपासा

जर्मनी म्हटलं की आपल्याला बॉश, सीमेन्स, फोक्सवागन आठवतात. नव्या पुरवठादाराने थेट त्यांच्या दारात उभं राहून फारसं काही हाती लागत नाही. तुमचं गिऱ्हाईक बहुधा शंभर ते पाचशे माणसांची, एखाद्या लहान गावातली, दोन-तीन पिढ्या एकाच घराण्याकडे असलेली कंपनी असेल. पंप, पॅकिंग मशीन, गिअरबॉक्स असं एखादंच काहीतरी ती बनवते आणि जगभर विकते. या वर्गाला तिथे 'मिटेलश्टांट' म्हणतात. बाडेन-व्युर्टेम्बर्ग, बव्हेरिया आणि नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया या राज्यांत अशा कंपन्यांची दाटी आहे.

कंपनीच्या वेबसाइटवर तळाशी 'इम्प्रेसुम' नावाचं पान असतं. कायद्याने ते द्यावंच लागतं: पूर्ण नाव, पत्ता, संचालकांची नावं, नोंदणी क्रमांक. हे पान नसेल तर काहीतरी गडबड आहे असं समजा. असेल तर तो क्रमांक घेऊन जर्मन व्यापारी नोंदवहीत, म्हणजे 'हांडेल्सरेगिस्टर'मध्ये, शोधा. ऑगस्ट २०२२ पासून ही नोंदवही ऑनलाइन फुकट पाहता येते. भांडवल किती, सही करायचा अधिकार कोणाला, सगळं त्यात आहे. जीएमबीएच (आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसारखी) प्रकारच्या कंपनीला किमान २५,००० युरो भांडवल लागतं. 'यूजी' नावाचा धाकटा प्रकार १ युरोतही उभा राहतो. तिथे उधारीवर माल देण्याआधी दोनदा विचार करा.

पायरी २: पहिलं पत्र

'डिअर सर/मॅडम, वुई आर लीडिंग मॅन्युफॅक्चरर' असा मेल पाचशे पत्त्यांवर सोडून देणं बंद करा. संमतीशिवाय जाहिरातीचा मेल पाठवणं जर्मन कायद्यात निषिद्ध आहे, आणि तो नियम कंपनीने कंपनीला पाठवलेल्या मेललाही लागू होतो. पुण्यात बसून तुमच्यावर कोणी खटला भरणार नाही, पण समोरच्याने तो मेल उघडण्याआधीच तुमच्याबद्दल मत बनवलेलं असतं. टपालाने पाठवलेलं कागदी पत्र मात्र चालतं, आणि गंमत म्हणजे ते वाचलंही जातं. एका पानाचं पत्र, सोबत मशीनची यादी: मेक, वर्ष, बेडचं माप, किती अ‍ॅक्सिस. मोजमापाची साधनं कोणती, माणसं किती, उलाढाल किती, आज कोणासाठी काय बनवता. 'वर्ल्ड क्लास', 'बेस्ट क्वालिटी' हे शब्द काढून टाका. त्या जागी तुमच्या सीएमएमचं (भागांची मापं तपासणाऱ्या यंत्राचं) मॉडेल लिहा.

नावांचं जरा जपून. आडनावाआधी पुरुषाला 'हेर' आणि बाईंना 'फ्राउ' लावायचं, डॉक्टरेट असेल तर पुढे 'डॉक्टर'. ही पदवी तिथे पासपोर्टवरसुद्धा छापून घेता येते, त्यामुळे गाळलेली लक्षात येते. एकेरीवर यायचं का हे वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाने सुचवायचं असतं. अलीकडे बऱ्याच कंपन्यांत सरसकट पहिल्या नावाने हाक मारतात, पण ती सुरुवात तुम्ही करू नका. आपल्याकडे 'साहेब' म्हणून जो पेच सुटतो तो तिथे सुटत नाही.

तुमच्या सहीतही एक गोष्ट करा. प्राजक्ता, किरण, शीतल यांतलं बाईचं नाव कोणतं हे त्यांना कळायला मार्ग नाही, आणि नाव-वडील-आडनाव या तिघांतलं आडनाव कोणतं हेही नाही. सहीत 'मि.' किंवा 'मिस' लिहा आणि आडनाव कॅपिटलमध्ये. समोरचा माणूस सुटकेचा निःश्वास टाकेल.

फोन करायचा तर त्यांच्या सकाळी ९ ते १२ मध्ये. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात. त्या आठवड्यातल्या व्हिडिओ कॉलची वेळ आधी पुन्हा पक्की करून घ्या. शुक्रवारी दुपारनंतर कोणी सापडेल ही आशा सोडा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःहून जाऊ नका.

पायरी ३: प्रदर्शनाला जाल तर

हॅनोव्हर मेस्से १९४७ पासून भरतं. भारत तिथे २००६ आणि २०१५ साली भागीदार देश होता. फाउंड्रीवाल्यांसाठी ड्युसेलडॉर्फला दर चार वर्षांनी 'गीफा' असतं. फिरायला म्हणून गेलात तर पिशवीभर कॅटलॉग घेऊन परत याल. कामासाठी जायचं तर दोन महिने आधी मेल करून स्टॉलवरची वेळ मागून घ्या. हॉटेलंही तेव्हाच ठरवा, कारण प्रदर्शनाच्या दिवसांत भाडी आभाळाला भिडतात.

स्टॉलवर काय घडतं ते नीट पाहा. तुम्ही बोलत असता आणि समोरचा माणूस एका छापील फॉर्मवर लिहीत असतो, किंवा आता टॅबवर. कार्ड त्याला स्टेपल केलेलं. 'अमुक भागाचा नमुना चार आठवड्यांत पाठवणार' हे तुम्ही बोलण्याच्या ओघात म्हणून गेलात तर ते तिथे लिहिलं गेलं. महिनाभराने तो फॉर्म कोणाच्या तरी टेबलावर येतो आणि नमुना आला का बघितलं जातं. तेव्हा "होऊन जाईल", "काही टेन्शन नाही" हे आपले शब्द इंग्रजीतही तोंडातून जाऊ देऊ नका. "आत्ता सांगता येणार नाही, पुढच्या बुधवारी कळवतो" असं म्हटलंत तर त्यात कमीपणा काही नाही. बुधवारी मात्र कळवा.

पायरी ४: कारखान्यात पहिली बैठक

वेळेवर म्हणजे पाच मिनिटं आधी, पंधरा मिनिटं आधी नव्हे. रेल्वेवर मात्र भरवसा ठेवू नका. जर्मन वक्तशीरपणाची ख्याती तिथल्या रेल्वेला लागू नाही. लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त २०२४ साली उशिरा धावल्या, आणि तिथले लोकही त्यावर मनसोक्त बोलतात. एक गाडी आधीची पकडा. उशीर होणारच असेल तर पाच मिनिटांचा असला तरी फोन करा.

टेबलावर पाण्याच्या आणि ज्यूसच्या बाटल्या, कॉफीचा थर्मास, कप. आपलं आपण घ्यायचं असतं, कोणी आग्रह करणार नाही. दोन मिनिटं प्रवासाची चौकशी, की लगेच विषय. समोर सहसा तिघं असतात: खरेदी, गुणवत्ता आणि डिझाइन. खरेदीवाला बोलतो जास्त, पण डिझाइनवाल्याने मान हलवली नाही तर काम पुढे सरकत नाही. त्याच्याशी बोलायला तुमचा शॉपवरचा माणूस बरोबर हवा. मालक एकटेच गेले आणि प्रत्येक तांत्रिक प्रश्नाला "आमचे इंजिनिअर बघतील" म्हणाले, तर पुढची बैठक होत नाही.

प्रश्न रोखठोक येतील. "ही मशीन किती वर्षांची? मागच्या वर्षी रिजेक्शन किती? हे चूक आहे, असं का केलंत?" आपल्या अंगावर कोणी ओरडतंय असं वाटतं, पण रोख कामावर असतो. त्याच माणसाबरोबर बारा वाजता कँटीनमध्ये जाल तर तो तुम्हाला बटाट्याचं सॅलड कोणतं चांगलं ते सांगेल. कौतुकाची वाट पाहू नका, श्टुटगार्टच्या आसपास तर नाहीच. श्वाबियन मंडळींची म्हणच आहे की शिवी मिळाली नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं.

निर्णय त्या दिवशी होत नाही. आत चर्चा होते, प्रत्येक विभाग आपलं म्हणणं लिहून देतो, आठवडे जातात. या काळात दर दोन दिवसांनी "एनी अपडेट?" विचारू नका. ठरलं की मात्र ठरलं.

प्रदेशाप्रमाणे रंग बदलतो हेही खरं. हॅम्बुर्गचे व्यापारी मोजकं बोलतात आणि शब्दाला जागण्याचा त्यांना अभिमान असतो. 'सन्माननीय व्यापाऱ्यां'ची त्यांची सभा १५१७ पासूनची आहे. कोलोन-ड्युसेलडॉर्फकडचे लोक गप्पिष्ट. तिथे कार्निव्हलच्या सोमवारी कामाची बैठक मागितलीत तर तुमचीच थट्टा होईल.

पायरी ५: ड्रॉइंग आणि क्वोटेशन

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात, म्हणून इथे थांबून वाचा.

जर्मन ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'आयएसओ २७६८-एमके' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ज्या मापांपुढे टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहिलेला नाही त्या सगळ्यांना हा नियम लागू: ३० ते १२० मि.मी.च्या मापाला ०.३ मि.मी. कमी-जास्त चालेल, १२० ते ४०० ला ०.५. आपल्याकडे 'ओपन डायमेन्शन' म्हणून सोडून देतात ती मापं तिथे तपासली जातात. मागचं 'के' अक्षर सरळपणा आणि काटकोनासाठी आहे, ते तर बऱ्याच जणांना दिसतच नाही.

दुसरा खड्डा पृष्ठभागाचा. खडबडीतपणा आपण आरए या मापाने मोजतो, जर्मन ड्रॉइंगवर बहुतेक वेळा आरझेड हे दुसरं माप असतं. एकाच पृष्ठभागाचा आरझेडचा आकडा आरएच्या साधारण चार ते सातपट येतो. 'आरझेड ६.३' ला 'आरए ६.३' समजून भाव दिलात तर ग्राइंडिंगचा खर्च धरलेलाच नसतो. नंतर भाव वाढवून मागणं म्हणजे तुम्ही ड्रॉइंग वाचलं नव्हतं अशी लेखी कबुली.

तिसरा मटेरियलचा. १.४३०१ म्हणजे आपलं ३०४ स्टेनलेस. जुन्या ड्रॉइंगवर 'जीजी-२५' असेल तर ते आताचं 'ईएन-जीजेएल-२५०' बीड. आपलं एफजी २६० जवळचं आहे म्हणून चालून जाईल, असं मनाशी ठरवू नका. विचारा आणि लेखी उत्तर ठेवा. मटेरियलसोबत 'ईएन १०२०४ प्रमाणे ३.१' सर्टिफिकेट मागितलं असेल तर त्याच हीटचे (एका वेळी वितळवलेल्या धातूचे) प्रत्यक्ष चाचणीचे आकडे द्यावे लागतात, आणि सही उत्पादन विभागाबाहेरच्या तपासणी अधिकाऱ्याची लागते. डीलरकडून आणलेल्या बारला ते मिळेलच असं नाही. भाव देण्याआधी डीलरला फोन करा.

तेव्हा ड्रॉइंग आलं की आधी प्रश्नांची यादी पाठवा. सात-आठ नेमके प्रश्न विचारणारा पुरवठादार तिथे मूर्ख ठरत नाही. उलट एकही प्रश्न न विचारता दुसऱ्या दिवशी स्वस्त भाव देणाऱ्याकडे संशयाने बघतात. मोठ्या कामात गिऱ्हाईक आपल्या अपेक्षांचा दस्तऐवज देतं, त्याला 'लास्टनहेफ्ट' म्हणतात. ते कसं पूर्ण कराल याचं तुमचं लेखी उत्तर म्हणजे 'फ्लिश्टनहेफ्ट'. त्या उत्तरात लिहिलेलं सगळं तुमच्या गळ्यात असतं. न जमणारी गोष्ट तिथेच 'जमणार नाही' म्हणून लिहा.

आकडे लिहिताना सांभाळा. त्यांच्याकडे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला बिंदू. आपण १.२५० किलो लिहिलं सव्वा किलोच्या अर्थाने, तर तिकडचा माणूस ते साडेबाराशे किलो वाचू शकतो. सव्वा किलो ग्रॅममध्ये लिहा, वाद मिटला.

भावाबद्दल एक गैरसमज पसरलाय की जर्मन घासाघीस करत नाहीत. करतात, आणि वाहन उद्योगातले खरेदीवाले तर दरवर्षी भाव उतरवून मागतात. फक्त ते "जरा बघा ना काहीतरी" असं म्हणत नाहीत. मटेरियल, मशिनिंग, पॅकिंग, वाहतूक असा फोडून भाव मागतात आणि एकेका ओळीवर बोलतात. पुढे कमी करता यावा म्हणून फुगवलेला भाव तिथे उघडा पडतो. टूलिंगचा खर्च वेगळा दाखवा, टूल कोणाच्या मालकीचं ते लिहा, आणि माल कुठपर्यंत तुमच्या जबाबदारीवर हे सांगणारी अट एफसीए असो की डीएपी, पुढे ठिकाणाचं नाव टाका.

पायरी ६: ऑर्डर, सह्या, अटी

ऑर्डर आली की पेढे वाटण्याआधी दोन-तीन दिवसांत ऑर्डर कन्फर्मेशन पाठवा: प्रत्येक ओळ, नग, भाव, तारीख. एखाद्या गोष्टीवर तुमचं वेगळं म्हणणं असेल तर ते याच कागदावर यायला हवं. फोनवर किंवा बैठकीत ठरलेलं समोरून लेखी आलं तर त्याच दिवशी वाचा. व्यापाऱ्यांमध्ये बोलणी झाल्यावर एकाने पाठवलेल्या पुष्टीपत्राला दुसऱ्याने लगेच हरकत घेतली नाही, तर त्यातला मजकूर मान्य झाला असं जर्मन व्यवहारात धरलं जातं. गप्प बसणं म्हणजे होकार. आपल्याकडे गप्प बसणं म्हणजे 'बघू', हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

समोरच्या सहीआधी बारीक अक्षरं असतात ती पाहा. 'पी.पी.ए.' असेल तर तो 'प्रोकुरिस्ट', म्हणजे नोंदवहीत ज्याचं नाव आहे असा व्यापक अधिकारांचा माणूस. 'आय.व्ही.' म्हणजे मर्यादित अधिकारपत्र. 'आय.ए.' म्हणजे दुसऱ्याच्या वतीने केलेली सही. मोठ्या करारावर फक्त तेवढीच असेल तर वरची सही मागा. विचारल्याचं कोणाला वाईट वाटत नाही.

कराराला जर्मन कायदा लागू असं लिहिलं असेल आणि आणखी काही लिहिलं नसेल, तर आंतरराष्ट्रीय माल विक्रीबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा करार आपोआप लागू होतो, कारण जर्मनी १९९१ पासून त्यात आहे. भारत त्यात नाही. म्हणून बऱ्याच ऑर्डरींच्या मागे तो करार वगळल्याचं वाक्य असतं. आहे की नाही ते वकिलाकडून वाचून घ्या. उशिराचा दंड किती, त्याला कमाल मर्यादा आहे का, हेही.

याच सुमारास एक लांबलचक प्रश्नावली येईल: किमान वेतन देता का, कंत्राटी कामगार किती, वयाचे दाखले तपासता का, आग विझवायची सोय. जर्मन पुरवठा साखळी कायदा २०२३ पासून तीन हजारांवर, आणि २०२४ पासून हजारांवर कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू झाला, पण त्या कंपन्या ते प्रश्न खालच्या पुरवठादारांकडे ढकलतात. सगळीकडे 'येस' टिक करून परत पाठवू नका. कधीतरी माणूस तपासायला येतो. माल लोखंड-पोलादाचा असेल तर युरोपीय संघाच्या कार्बन शुल्काच्या यादीत तुमचा एचएस कोड (कस्टम्सचा मालाच्या प्रकाराचा क्रमांक) आहे का तेही बघा. नट-बोल्ट त्यात येतात, आणि १ जानेवारी २०२६ पासून ते प्रकरण नुसत्या अहवालापुरतं राहिलेलं नाही.

पायरी ७: आठवड्यांचं कॅलेंडर

तारखांऐवजी आठवड्याचा क्रमांक येईल: 'केडब्ल्यू ३६', म्हणजे वर्षातला छत्तिसावा आठवडा. आठवडा सोमवारी सुरू होतो, आणि वर्षाचा पहिला गुरुवार ज्यात येतो तो आठवडा पहिला. हे क्रमांक छापलेलं कॅलेंडर डिस्पॅचच्या भिंतीवर लावा. आणि केडब्ल्यू ३६ म्हणजे माल त्या आठवड्यात तुमच्याकडून निघायला हवा की त्यांच्याकडे पोहोचायला हवा, ते विचारून घ्या.

सुट्ट्या राज्यागणिक वेगळ्या. बव्हेरियात जास्त, उत्तरेत कमी. शाळांची उन्हाळी सुट्टीही राज्याराज्यांत वेगवेगळ्या आठवड्यांत असते. गुरुवारी सण आला की शुक्रवार जोडून घेतात. नाताळ ते नववर्ष सगळं बंद धरा. रजेवरचा माणूस खरोखर रजेवर असतो. त्याचा ऑटोमॅटिक मेल येईल, त्यात बदली माणसाचं नाव असेल, त्याला लिहा. रजेत आजारी पडलं आणि डॉक्टरचा दाखला असला तर तेवढी रजा परत मिळते, असा तिथला कायदा आहे.

तुमच्या सुट्ट्याही आधी सांगा. दिवाळीचे दिवस बंद, गणपतीत कोकणातले कामगार आठ-दहा दिवस गावी, हे जानेवारीतच वर्षाच्या तक्त्यावर पाठवून द्या. ते प्लॅनिंगमध्ये टाकतात आणि ऑर्डर आधी काढतात. ऐन चतुर्थीच्या आदल्या दिवशी कळवलंत तर मात्र गणपतीबाप्पाही मदतीला येणार नाहीत.

पायरी ८: काहीतरी बिघडलं

बिघडणारच. बघायचं एवढंच की त्यांना तुमच्याकडून कळलं की ट्रक न आल्यावर. एक ऑर्डर लांबतेय असं दिसलं की त्याच दिवशी असा मेल जाऊ द्या:

"ऑर्डर क्रमांक अमुक, आयटम २०, एकूण ४०० नग. केडब्ल्यू ३६ ऐवजी केडब्ल्यू ३८ मध्ये पाठवू. कारण: हीट ट्रीटमेंटच्या भट्टीचा हीटर जळाला, नवा सोमवारी बसेल. १२० नग आज तयार आहेत. हवे असल्यास विमानाने पाठवतो, भाडं आमचं. पुढची स्थिती शुक्रवारी तुमच्या १२ वाजेपर्यंत कळवतो."

यात माफीचा पाल्हाळ नाही, पावसाची आणि लाइट गेल्याची कहाणी नाही. नवी तारीख पहिल्या ओळीतच आहे. शुक्रवारी काहीच नवं घडलं नसेल तरी "बदल नाही" एवढं लिहायचं. भोसरीतला एक कारखानदार हे कटाक्षाने पाळतो. त्याचा माल वर्षातून दोनदा तरी उशिरा जातो, आणि गिऱ्हाईक टिकून आहे.

माल सदोष निघाला तर '८डी रिपोर्ट' (दोषाचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा अहवाल) मागतील. पहिल्या एक-दोन दिवसांत त्यांना फक्त एक हवं असतं: तुमच्याकडचा, वाटेवरचा आणि त्यांच्याकडचा साठा वेगळा काढला का, किती नग, कोणत्या बॅचचे. मूळ कारण नंतर. आणि कारणाच्या रकान्यात 'ऑपरेटरची चूक', उपायाच्या रकान्यात 'ऑपरेटरला समज दिली' असं लिहिलंत की रिपोर्ट तसाच परत येतो. चूक करणं शक्य झालं कसं, तपासणीत सुटलं कसं, ही दोन उत्तरं त्यांना हवीत. फिक्श्चरमध्ये पिन बसवली, उलटा जॉब आता लागतच नाही, हा फोटो दहा पानी स्पष्टीकरणावर भारी पडतो.

मधे थोडं माणसांबद्दल

भेटीला जाताना काय न्यावं? दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, कंदी पेढे सगळे बाद. चिक्की किंवा भाजलेले मसाला काजू न्या, आणि ते एका साहेबाच्या हातात न देता सगळ्या विभागासाठी टेबलावर ठेवा. महागडी भेट देऊ नका. ५० युरोच्या वरची भेट तिथे करातून खर्च म्हणून वजा होत नाही, आणि बऱ्याच कंपन्यांचे अंतर्गत नियम त्याहून कडक असतात. चांदीचा गणपती परत आला म्हणजे अपमान झाला असं मानू नका, बिचाऱ्याने कंपनीचा नियम पाळला.

वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, अशुभ मानतात. पेला भिडवताना डोळ्यांत बघायचं, मग त्यात पाणी का असेना. पगार, धर्म, लग्न का नाही केलं, हे विषय टाळा. फुटबॉल, गिर्यारोहण, मुलांची शाळा चालतं.

पायरी ९: पैसे

'१४ दिवसांत २ टक्के स्कोंटो, ३० दिवसांत नेट' अशी अट नेहमी दिसते. चौदा दिवसांत पैसे दिले तर ते दोन टक्के कापून घेतात. हे दोन टक्के भावात आधीच धरून ठेवा. कायदेशीररीत्या जमत असेल तर पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालाची मालकी तुमची राहील, ही अटही घाला. तिथे ती नवलाची नाही.

इन्व्हॉइसवर त्यांचा ऑर्डर क्रमांक, आयटम क्रमांक आणि पुरवठादार क्रमांक अचूक हवेत. एक जरी चुकला तरी कागद बाजूला पडतो आणि तुम्हाला वाटतं पैसे अडवलेत. तारीख उलटली तर आपल्याकडे मागायचा संकोच वाटतो; संबंध बिघडतील अशी भीती. तिथे स्मरणपत्राचं रीतसर नाव आहे, 'माहनुंग', आणि ते हिशोब विभागाला जातं. आधी साधी आठवण, मग पहिलं माहनुंग, मग दुसरं, शेवटची तारीख टाकून. दोन कंपन्यांच्या व्यवहारात, जर्मन कायदा लागू असेल तर, पैसे देय झाल्यावर आणि इन्व्हॉइस मिळाल्यावर ३० दिवसांत न देणारा थकबाकीदार ठरतो. मूळ व्याजदराच्या वर ९ टक्के आणि शिवाय ४० युरो मागता येतात. पहिल्या दोन वेळा खरेदीवाल्याला कॉपीत टाकू नका. तो वेगळ्या मजल्यावर बसतो आणि बहुधा त्याला काही माहीतच नसतं. तिसऱ्या वेळी टाका.